मेमरी कार्डाला स्क्रू नसतो

भूतबाधा, करणी असलं काही सांगत कोणी आलं तर मी त्याला दुकानातून बाहेर काढतो. पंडरीत जुन्या इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान आहे माझं. सिलतऱ्याच्या कारखान्यात विजेच्या मोटारींना तार गुंडाळण्यापासून सुरुवात केली, बाकी सगळं स्वतः शिकलो. तेव्हा हे घाबरून नाही, चिडून लिहितोय.

माझा थोरला भाऊ रेल्वेत क्लार्क होता. त्याच्याकडे टीव्हीला जोडायचा जुना होम कॉम्प्युटर होता. प्रोग्राम कॅसेटवर असायचे — टेपरेकॉर्डर किरकिरायचा आणि त्या आवाजातून कॉम्प्युटर प्रोग्राम उचलायचा. आवाज दबका आला की दादा टेपच्या हेडजवळचा बारीक स्क्रू पेचकसाने फिरवायचा. दबका, तीक्ष्ण, पुन्हा दबका... आणि नेमक्या जागी थांबायचा. मला मात्र कधी हात लावू दिला नाही. "पोट्ट्या, तुले नाही समजत." आज लोक असली मशिनं घेऊन माझ्याकडेच येतात, पण ते वाक्य अजून टोचतं.

दादा गेल्यावर नागपूरचा एक शौकीन त्या मशीनच्या मागे लागला. मी वहिनींकडे विषय काढला.

"लग्न झाल्या झाल्या यांनी माझ्यासाठी एक प्रोग्राम बनवला होता," वहिनी म्हणाल्या. "पाखरू उडे, मग माझं नाव ये. तो मले एकदा दाखवा भाऊजी, आन् न्या मशीन."

सौदा पक्का. असल्या कॉम्प्युटरसाठी मी टेपरेकॉर्डरच्या जागी लावायचा एक डबा बनवतो. कॅसेटचा आवाज मेमरी कार्डात भरायचा, बटण दाबलं की डबा तोच वाजवतो. आत फिरणारं काहीच नाही. वहिनींची कॅसेट दुकानात नेऊन कार्डात भरली, तर आवाज दबका. पुन्हा भरायला गेलो, तर टेपच गुंडाळली जाऊन तुटली! आता त्या पाखराचं जे काही उरलं होतं, ते कार्डात.

चौबे कॉलोनीत वहिनींच्या घरी भर दुपारी डबा जोडला. एरर. आवाज वाढवला, कमी केला, वायर बदलली... एरर. मी टेबलावर हात आपटला.

"त्या टेबलावर राग काहून काढून राहिले?" स्वयंपाकघरातून वहिनी.

"तुमच्या नवऱ्याने तेव्हा शिकवलं असतं, तर ही पाळी आली नसती!"

मी पुन्हा बटण दाबलं आणि हाताची घडी घालून बसलो. तोच दबका आवाज... आणि तो हळूहळू तीक्ष्ण व्हायला लागला. पुन्हा दबका. पुन्हा तीक्ष्ण. कोणीतरी स्क्रू फिरवावा तसा. पण स्क्रू आहेच कुठे?

कणकेच्या हातांनी वहिनी दारात आल्या. "हळू फिरवा ना, अहो," म्हणाल्या. मला नाही. मला त्या भाऊजी म्हणतात.

आवाज एका जागी थांबला. टीव्हीवर पाखरू उडालं. मग मोठ्या अक्षरांत KUSUM. वहिनी तिथेच खाली बसल्या.

ठरल्याप्रमाणे मी मशीन दुकानात आणलं. तोच डबा, तेच कार्ड, तीच वायर. एरर! लॅपटॉपवर कार्डातला आवाज ऐकला — सुरुवातीपासून शेवटपर्यंत दबका. चिडून सगळं वहिनींकडे परत नेऊन जोडलं, तर आवाज पुन्हा तसाच फिरला आणि पाखरू.

"माझ्या दुकानात काहून नाही चालत हे?" मी ओरडलोच.

पदराने मशीन पुसत वहिनी म्हणाल्या, "ते तिथे कशाले येतील भाऊजी? कधी आले होते का?"

मशीन अजून त्यांच्याकडेच आहे. नागपूरवाल्याने दुसरं शोधलं. कोणाला यामागचं कारण माहीत असेल तर जरूर सांगा, पण वायर लूज असेल हे सांगू नका. मला माझं काम येतं.

परवा गेलो होतो, तेव्हा आवाज फिरत असताना मी डब्यावर नुसता हात ठेवला. आवाज फिरायचा थांबला, दबकाच राहिला. खूप वेळ वाट पाहिली. शेवटी हात मागे घेतला, तेव्हा कुठे पाखरू आलं.