वाटीवाले आणि खटकेवाले

उंदीरमामा माणसांच्या दोनच जाती मानायचा, वाटीवाले आणि खटकेवाले. ओळख होऊन चहा गार व्हायच्या आत तो समोरच्याला यातल्या एका जातीत टाकून मोकळा व्हायचा आणि एकदा टाकलं की तिथे अपील नसे. माझा नवरा निखिल त्याच्याकडे पहिल्यांदा बार्बेक्यूला गेला तेव्हा शेगडीकडे ढुंकूनही न बघता "प्लेट्स कुठायत?" असं विचारता झाला, म्हणून तो वाटीवाला. मला म्हणाला, "तू काठावर आहेस. फोन टिंग वाजला की समोरच्या माणसाचं वाक्य तोडतेस. सांभाळ हो."

इथे परदेशात, वेस्टमीड या उपनगरातल्या एका संशोधन प्रयोगशाळेत तो उंदरांवर काम करायचा. मी जवळच्याच हॉस्पिटलात फिजिओ. क्वेकर्स हिलला आमची घरं शेजारी-शेजारी, तिथून आम्ही एकाच ट्रेनने जायचो, म्हणून हे शास्त्र मला फुकटात ऐकायला मिळालं. पिंजऱ्याच्या एका बाजूला एक छोटा खटका, दुसऱ्या बाजूला वाटी. दिवा लागतो, खटका बाहेर येतो आणि थोड्या वेळाने वाटीत साखरेचा दाणा पडतो. खटका दाबायची काहीच गरज नसते, दाणा आपोआपच पडतो. काही उंदीर दिवा लागला की सरळ वाटीपाशी जाऊन बसतात. काही मात्र खटक्यालाच जाऊन चिकटतात, त्याला चाटतात, चावतात, जणू तोच खाऊ आहे. "आणि दाणा बंद केला ना," मामा सांगायचा, "तर वाटीवाले दोन दिवसांत नाद सोडतात. खटकेवाले चावतच राहतात." आमच्या मराठी मंडळातल्या पोरांनीच त्याला उंदीरमामा हे नाव दिलं होतं आणि ते त्याला स्वतःच्या डॉक्टरेटपेक्षा जास्त आवडायचं.

"मेंदू गोडाला भुलत नाही, गोडाच्या चाहुलीला भुलतो," हे त्याचं ठरलेलं वाक्य. डोपामीन म्हणजे आनंदाचं रसायन असं कुणी म्हणालं की तो उखडायचा. "आनंद कसला डोंबलाचा! जिलेबी तोंडात गेली की मेंदू गप्प होतो. खरी धमाल पुड्याची दोरी सोडताना असते. आणि पुड्यात जिलेबी आहे की नाही हेच नक्की नसेल, तर मग बघायलाच नको. माणूस जन्मभर दोऱ्या सोडत बसेल." ट्रेनमधले लोक वळून बघायचे. मराठी त्यांना कळायची नाही, पण हातवारे कळत असावेत.

आणि हा एवढा शहाणा माणूस स्वतः पक्का खटकेवाला होता. इथे प्रत्येक उपनगरात एक क्लब असतो. स्वस्त जेवण, मुलांना खेळायला जागा, आणि आतल्या अंधाऱ्या खोलीत पोकीज, म्हणजे जुगाराची मशीनं. कुणाच्या तरी फेअरवेलला म्हणून मामा गेला आणि तिथेच अडकला. जिंकायची त्याला हौस नव्हती. "जिंकलं की ते मशीन गाणी वाजवत बसतं गं, मधेच खेळ थांबतो. वैताग येतो नुसता," असं तो म्हणाला तेव्हा मी हसले होते. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं.

त्याची बायको मंजिरी माझी मैत्रीण. एका संध्याकाळी त्यांची लेक रेवा पोहण्याच्या क्लासबाहेर ओल्या केसांनी कुडकुडत उभी राहिली आणि बाबा "पाच मिनिटांत" येणार होता तो आलाच नाही. शेवटी कुणा दुसऱ्याच मुलीच्या आईने तिला घरी सोडलं. मंजिरी भांडली नाही. रेवाला घेऊन ती पुण्याला माहेरी गेली आणि जाताना एवढंच म्हणाली, "तू सुटलास की आम्ही येऊ. पण परत एकदा जरी गेलास, तर मग बोलवू नकोस." त्या गेल्या आणि काही आठवड्यांतच देशाची सीमा बंद झाली.

इथे एक सोय आहे. आपणच क्लबात जाऊन सांगायचं की मला आत घेत जाऊ नका. ते आपला फोटो काढून ठेवतात आणि दिसलो की दारातूनच परत पाठवतात. मामा आसपासच्या सगळ्या क्लबांत जाऊन फोटो देऊन आला. आमच्या घरी येऊन म्हणाला, "चार ठिकाणी फोटो लागलाय माझा. फक्त हार घालायचा राहिलाय."

मग लॉकडाऊन लागला, क्लबांना कुलपं लागली आणि सगळं जग कोंडलं गेलं असताना हा एकटा सुटला. पहिला लॉकडाऊन उठल्यावर तो पुन्हा घसरला, ते त्याने स्वतःच मंजिरीला फोन करून सांगितलं. तिने महिनाभर फोन घेतला नाही, पण दार लावलंही नाही. "हे शेवटचं," म्हणाली. दुसऱ्या, लांबलेल्या लॉकडाऊनमध्ये मात्र मामा बहरला. आमच्या ब्लॅकटाउन कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, हद्दीत तर जास्तच कडक नियम होते, घरापासून ठरावीक अंतरापलीकडे जायची बंदी. मामाने थालीपीठ शिकून घेतलं. रोज व्हिडिओवर रेवाचा गणिताचा अभ्यास घेतला. ती इंग्लिशमध्ये कटकट करायची, "Baba, that's not how we do it," आणि हा खूश. रोज अकराला टीव्हीवर नव्या रुग्णांचा आकडा यायचा. अख्खं ब्लॅकटाउन तो उतरावा म्हणून देव पाण्यात घालून बसलेलं. मी स्वतः वॉर्डात श्वासासाठी तडफडणारी माणसं बघत होते. आणि आकडा उतरायला लागला तसा मामाचा चेहरा उतरायला लागला. "असं वाटू नये गं मला," तो कुंपणापलीकडून म्हणाला, "माणसं मरतायत. पण क्लब उघडले तर मी मेलो."

ऑक्टोबरात क्लब उघडले. देशाची सीमा उघडायची होती नोव्हेंबरात. मंजिरी आणि रेवाची तिकिटं नोव्हेंबरच्या सुरुवातीची निघाली होती. मधले तेवढे दिवस फक्त काढायचे होते. जगाने दारं उघडायची ठरवली तीही अशी उलट्या क्रमाने. आम्ही काय नाही केलं? मी ट्रेनमध्ये त्याच्या शेजारी बसायचे, निखिल संध्याकाळी त्याला ओव्हलच्या मैदानावर चालायला न्यायचा. सामानाला एक गाडी पुरणार नाही या निमित्ताने एअरपोर्टला मी बरोबर जायचं ठरलं. तो रोज सकाळी मला सांगायचा, "काल नाही गेलो." लहान मुलाने दूध संपवल्याचं सांगावं तसं.

विमान दुपारी उतरणार होतं. सकाळी त्याच्याकडे गेले तर दार उघडं, ओट्यावर भिजवलेले पोहे, चिरलेला कांदा, रेवाच्या खोलीत नवी चादर. मामा नाही. फोन वाजतोय, उचलत नाही. कोथिंबीर आणायला गेला असेल म्हणून दुकानापाशी गेले. दुकान आणि क्लब, दोघांची पार्किंग एकच. त्याची गाडी उभी होती. पुढच्या सीटवर कोथिंबिरीची जुडी.

क्लबच्या दारातल्या मुलाने माझ्या फोनवरची लसीची हिरवी खूण बघितली, "No worries, have a good one," म्हणाला आणि सोडलं. मामालाही त्याने असंच सोडलं असणार. चारही क्लबांत फोटो होते, पण ते उघड्या चेहऱ्याचे. मास्क सक्तीचा होता. मास्कमागचा माणूस कोण हे बघायला कुणाला फुरसत होती? लस घेतली आहे ना, मग झालं.

तो कोपऱ्यातल्या मशीनसमोर बसला होता. इस्त्रीचा शर्ट, एअरपोर्टसाठी घातलेला. मी म्हटलं, "मामा, चल. निघायला हवं."

"हो, निघालोच," तो म्हणाला आणि बटण दाबलं.

"मामा, रेवा येतेय!"

"माहितीये गं. सगळं माहितीये मला. हा दिवा लागतो ना आत्ता, त्याने काय होतं, कुठे होतं, सगळं सांगतो तुला." पुन्हा बटण. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, मास्क भिजून गालांना चिकटला होता. "मला उठव. प्लीज उठव गं मला."

मी त्याचा दंड धरून ओढलं. तो उठायला लागला, खरंच लागला, आणि दुसरा हात बटणाकडे गेला. मी आयुष्यात इतकी कुणावर चिडले नाही आणि इतकी कीवही कुणाची आली नाही. ओरडले, विनवलं, शेवटी सिक्युरिटीवाला येऊन मलाच "Ma'am, please" म्हणायला लागला. मी त्याला सांगितलं की या माणसाला बाहेर काढा, याचा फोटो आहे तुमच्याकडे. "बघतो," म्हणाला आणि फोटो शोधायला गेला. विमान उतरायची वेळ झाली होती. मामा पडद्यावरची नजर न हलवता म्हणाला, "तू जा. त्या वाट बघत उभ्या राहतील."

एअरपोर्टवर सगळीकडे माणसं एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होती. कितीतरी महिन्यांनी आया भेटत होत्या, आज्या भेटत होत्या, फुगे, पाट्या, फुलं. त्या गर्दीतून मंजिरी ट्रॉली ढकलत आली. रेवा तिच्या खांद्याला लागली होती. एवढी उंच झालेली तिला मामाने अजून पाहिलं नव्हतं. तिने माझ्यामागे, इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "Is Baba parking the car?"

मंजिरीने माझ्याकडे बघितलं. तेवढ्यावरच तिला कळलं. तिचे हात ट्रॉलीच्या दांडीवर घट्ट झाले. मग ती म्हणाली, "हो गं. पार्किंगच मिळत नसेल त्याला."

त्या दोघी आमच्याकडे राहिल्या आणि नवं वर्ष लागायच्या आत पुण्याला परत गेल्या. मामा रोज कुंपणापाशी येऊन उभा राहायचा, आत यायचा नाही. पश्चिमेकडच्या राज्याने लॉकडाऊनपासून बंद ठेवलेली आपली सीमा पुढे उघडली तेव्हा त्याने प्रयोगशाळा सोडली आणि तिथल्या कालगुर्लीच्या हॉस्पिटलात रक्त तपासायची नोकरी धरली. सोन्याच्या खाणींचं गाव, चहूकडे लाल माती. त्या राज्यात पबात, क्लबात पोकीज ठेवायला बंदी आहे, एवढ्याचसाठी तो अख्खा देश ओलांडून गेला. मंडळातले लोक म्हणतात, सुटला बिचारा, बरा झाला.

परवा फोनवर मी तसं म्हटलं. "बरा कसला गं," म्हणाला, "नुसता लांब आलोय. सुपरमार्केटात बिलाचं मशीन वाजलं तरी हात उठतो." मग घाईघाईने म्हणाला, "रेवाला मात्र सांग, बाबा बरा आहे म्हणून." रेवा दर रविवारी मला मेसेज करून त्याची चौकशी करते. त्याला स्वतःहून फोन करत नाही. मी तिला सांगते, बाबा बरा आहे.