ओलं बोट

दिवाळी अंकाचे संपादक माझी चित्रं बघत होते. प्रत्येक कागद उलटण्याआधी ते बोट जिभेला लावत आणि तेच ओलं बोट चित्राच्या कोपऱ्यावर टेकवत. जलरंग सुकला तरी पाणी लागताच पुन्हा सुटतो. तळ्याच्या निळ्या रंगात त्यांचा ठसा उमटला आणि पुढच्या खेपेला तो निळा त्यांच्या जिभेवर गेला. मला शिसारी आली, तरी मी हसऱ्या चेहऱ्याने बसून राहिले.

घरी या कागदांना शिवण्याआधी मी साबणाने हात धुते. काम मागायला निघालं की मात्र ते असे कुणाच्याही बोटाखाली द्यायचे, आणि "सर, जरा कोरड्या हाताने" एवढंही तोंडातून निघत नाही. इतक्या वर्षांत किती दारं झाली, पण हे हसू तेवढं पक्कं बसलंय. आता त्या बोटापेक्षा या हसण्याचीच जास्त किळस येते.

शेवटचा कागद ठेवून त्यांनी मान वर केली.

"हात चांगला आहे हो तुमचा," ते म्हणाले. "फक्त रंग जरा फिके वाटतात."

बोलताना त्यांची जीभ दिसली. चांगली गडद निळी झाली होती.