मामांचा सोवळ्यातला मॉसफेट

माझे मामेसासरे, म्हणजे माझ्या नवऱ्याचे सख्खे मामा, यांच्याइतका सोवळ्याचा कडवा आणि विजेचा वेडा माणूस कावेरीच्या दोन्ही काठांवर झाला नाही आणि आता होईल असंही वाटत नाही. दोन्ही वेडं एकाच माणसात कशी नांदत होती, हे त्यांना विचारायची सोय नव्हती, कारण त्यांना ती दोन वाटतच नसत. कुंभकोणमच्या मेलकावेरी भागात त्यांचं घर होतं. मागच्या दारी विहीर, पुढच्या दारी कोलम, म्हणजे तिकडची रांगोळी, आणि मधल्या खोलीत पोट फाडलेल्या रेडिओंचा ढीग. सकाळी विहिरीवर स्नान, कपाळावर गोपीचंदनाची उभी रेघ, पूजा, नैवेद्य, आणि मग गावातल्या एका कॉलेजात जाऊन फळ्यावर इलेक्ट्रॉन. पदार्थविज्ञान शिकवण्यात हयात गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक फळा मिळवला आणि तिण्णैवर, म्हणजे रस्त्याकडच्या ओट्यावर, टांगला. त्यानंतर त्या घरी नुसतं हळदीकुंकवाला गेलेल्या बाईलासुद्धा विद्युतधारा कशी वाहते हे ऐकल्याशिवाय परत येता आलं नाही.

मी साताऱ्याकडची. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला लग्न होऊन तिकडे गेले. ही मंडळी मराठे राजांच्या काळात तंजावरकडे उतरलेली आणि तिथेच रुजलेली. बाहेर अस्खलित तमिळ, घरात मराठी. पण ती मराठी पहिल्यांदा कानावर आली तेव्हा मला वाटलं, हे लोक एखाद्या बखरीतून उठून थेट पंगतीला येऊन बसलेत. त्यांनाही माझ्याबद्दल तसंच काहीतरी वाटलं असावं. मामींनी पहिल्याच दिवशी माझं बोलणं मन लावून ऐकलं आणि प्रेमाने म्हणाल्या, "तुझी भाषा बरी आहे गे, पण कोणी परीक्षेस बसल्यासारखी बोलत्येस." आमच्यापासून दोन गल्ल्या ओलांडल्या की त्यांचं घर, त्यामुळे माझं रोजचं जाणंयेणं सुरू झालं आणि परीक्षा आपोआप संपली.

मामांच्या सोवळ्याच्या कथा किती सांगाव्यात! सोवळ्यात असताना रेडिओचा आवाज कमीजास्त करायचा तर ते लाकडी पळी वापरत, आणि ती पळी रेडिओला लागल्यामुळे स्वयंपाकघरात परत जाऊ शकत नसल्याने ती कायमची रेडिओची पळी झाली होती. घरी टेलिफोन आला तेव्हा तो कोणाकोणाच्या तोंडाजवळून येतो याचा विचार करून मामांनी त्याला कानाला लावायचं नाकारलं. दुसऱ्या कोणीतरी तो त्यांच्या दिशेने धरायचा आणि मामा हातभर लांब उभे राहून ओरडायचे. मद्रासचा फोन असला तर त्यांना तारेची गरज नाही, असं माझा नवरा म्हणे. एकदा मी चिडून म्हटलं, "मामा, तुम्ही विज्ञान शिकवलंत ना?" तर शांतपणे म्हणाले, "शिकवलें म्हणूनच. कोणती वस्तू कोणास शिवल्यानें काय होतें हें मज जाणून घेऊनु ठाऊक. तुम्हांस नुसतें शिवायचें ठाऊक."

या सगळ्या प्रकाराला पुरून उरायच्या त्या फक्त मामी. त्यांचा आवाज हे त्या गल्लीचं भूषण होतं. एकादशीला त्या अभंग म्हणायला बसल्या की समोरच्या घरातली तमिळ मंडळी आपापल्या तिण्णैवर येऊन बसायची. अर्थ कळत नसेल, पण एकही जण मधून उठायचा नाही. आणि मग एका वर्षी त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं. गाठ निघाली, जीव वाचला, आवाज मात्र गेला. राहिली ती कुजबूज. एकादशी आली की त्या टाळ घेऊन बसायच्या, ओठ हलायचे, आणि शेजारच्या बाईलासुद्धा शब्द उमगायचे नाहीत. दोन-तीनदा असं झालं आणि मग त्या स्वयंपाकात गुंतल्याचं निमित्त करून आतच राहू लागल्या. आणि एक दिवस मामांच्या फळ्यावर मोठ्या अक्षरात 'मॉसफेट' असं लिहून त्याखाली दोन रेघा मारलेल्या दिसल्या.

माझ्या नवऱ्याने सुचवलं, की बाजारात तयार ध्वनिक्षेपक मिळतात, एक आणून टाकू. मामांनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की त्याने पुन्हा तो विषय काढला नाही. मामांचं म्हणणं वेगळं होतं. लग्नाच्या मांडवातला तो भोंगा मामींच्या कुजबुजीची नुसती खरखर करील. त्यांच्याकडे एक जुना क्रिस्टलचा माइक होता. तो बारीकसारीक सगळं टिपतो, पण अंगात ताकद नाही. पुढच्याने त्याच्याकडून जरा वीज ओढून घेतली की मान टाकतो. म्हणून पुढे असा कोणी बसवायचा जो ऐकेल सगळं आणि घेणार काही नाही. "साधा ट्रान्झिस्टर ऐकायचीसुद्धा दक्षिणा घेतो," मामा म्हणाले, "हा मॉसफेट घेत नाहीं."

मला तो न घेणारा कोण हे कळेना, तेव्हा मामांनी मला फळ्यासमोर बसवलं. मी निवडायला घेतलेली मुरुंगैची, म्हणजे शेवग्याची, पानं तशीच मांडीवर राहिली. त्यांनी एक चौकोन काढला. ही सिलिकॉनची चकती. हिच्या एका टोकाला इलेक्ट्रॉनांची एक वस्ती, तिचं नाव सोर्स. दुसऱ्या टोकाला दुसरी वस्ती, तिचं नाव ड्रेन. मधली जागा अशी की तिथून इलेक्ट्रॉन जाऊ शकत नाहीत. त्या मधल्या जागेवर काचेचा एक पापुद्रा, आपल्या डोळ्याला दिसणारही नाही इतका पातळ, आणि त्या काचेवर धातूची पट्टी. ती गेट. मी हुशारी दाखवत म्हटलं, "म्हणजे कालव्याला पाणी सोडायचा दरवाजा असतो तसं." मामांनी खडू खाली ठेवला. "तो दरवाजा पाण्यांत बुडतो. ही शिवतच नाहीं! अगे, तेंच तर हिचें सोवळें!"

मग त्यांनी आतल्या बाजूला हात केला. श्राद्धाच्या दिवशी स्वयंपाकघर म्हणजे सोर्स, बाहेरची पंगत म्हणजे ड्रेन. भात, सांबार, वडे सगळं आत तयार आहे, पानं बाहेर मांडली आहेत, पण मधल्या चौकात कोणी नाही. वाढपी कुठे विहिरीवर गप्पा मारताहेत, कुठे खांबाला टेकून पेंगताहेत. अशा वेळी मामी सोवळ्यात येऊन उंबऱ्याच्या आत उभ्या राहतात. कोणाला शिवत नाहीत, काही घेत नाहीत, घोटभर पाणीसुद्धा नाही. पण त्या उभ्या राहिल्या की चारी बाजूंनी माणसं ओढल्यासारखी चौकात येतात, त्यांची एक रांग धरते, आणि आतलं सांबार हातोहात बाहेर वाहू लागतं. मामी सावकाश मागे सरकल्या की रांग मोडली. "गेटावर धन व्होल्ट दिला की काचेच्या खालीं इलेक्ट्रॉन असेच गोळा होतात. त्यांचीच वाट बनते. व्होल्ट काढला, वाट गेली." मी विचारलं, थोडासाच व्होल्ट दिला तर? मामा गंभीरपणे म्हणाले, "ती नुसती आंतून खोकली तर कोणी उठतो काय? एक मर्यादा आहे. तिच्यावर गेली की अस्के, झाडून सारे, उठतात, आणि जितकी रागानें पाहील तितकें सांबार अधिक." आतून भांडं जोरात आपटल्याचा आवाज आला. मामींना नुसतं कुजबुजताच येत होतं, पण ऐकू उत्तम येत होतं.

मॉसफेट मद्रासहून आणवावे लागत. ओळखीतला एक गृहस्थ तिकडे कामाला जाई, तो खिशातून पुडी घेऊन येई. पुडीबरोबरच्या कागदावर ठळक छापलं होतं, की याच्या पायांना हात लावू नये. मामांना इतका आनंद झाला की विचारू नका. आयुष्यभर ते सगळ्यांना जे सांगत आले ते आता विलायतेतला कारखानाही छापून सांगत होता! काचेचा पापुद्रा नाजूक, विटाळ झाला की मेला. मग मामांनी त्या कामाचं सोवळं ठरवलं. विहिरीवर स्नान करून, रेशमी कद नेसून, देवघराशेजारी मृगाजिन टाकून त्यावर बसायचं. आसपास कोणी फिरकायचं नाही. मंत्राऐवजी कथलाचा डाग देण्याची सळई.

पहिला मॉसफेट मेला. मामा म्हणाले, येतानाच विटाळला असेल, बसमधून आला. दुसऱ्याच्या वेळी मामांनी कद नव्याने धुऊन वाळवून घेतला, तोही मेला. मग माझ्यावर संशय आला, मग मांजरावर, मग खिडकीतून आत आलेल्या शेजारच्या तळणीच्या वासावर. कडक उन्हाळा होता, हवा अशी कोरडी की अप्पळं, म्हणजे पापड, नुसती बाहेर धरली तरी वाळत. एकेक मॉसफेट हातात घेतला की जाई. शेवटी पुडीत एकच उरला. मद्रासला जाणाऱ्या गृहस्थांची बदली उत्तरेत कुठेतरी झाली होती, आता दुसरा मिळायचा म्हणजे कठीणच. मामा त्या पुडीसमोर कद नेसून मृगाजिनावर दिवसभर बसून राहिले. जेवले नाहीत. मामी दारातून पाहत होत्या. मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, की हा माणूस म्हातारा झाला आहे.

संध्याकाळी मी पुडी उचलून ठेवायला वाकले तर पुडीच्या कागदाचे कपटे मामांच्या कदाला चिकटलेले. मी झटकले, ते परत चिकटले. मामांनी कदाकडे पाहिलं, मृगाजिनाकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. काचेची कांडी रेशमावर घासायची, काळी कांडी कातड्यावर घासायची, आणि कागदाचे कपटे उचलून दाखवायचे, हा प्रयोग त्यांनी उभ्या हयातीत प्रत्येक वर्गाला करून दाखवला होता. आणि आता स्वतःच रेशीम नेसून कातड्यावर घासत बसले होते. अंगात साठलेली ती स्थिर वीज हात लागताच त्या पापुद्र्याला भोक पाडत होती. "मीच कांडी झालों गे," मामा म्हणाले, आणि इतक्या दिवसांनी हसले.

पण मग सोवळं कोणतं करायचं? सुती धोतर धुतलेलं वाळून खडखडीत, त्याचा मामांना भरवसा वाटेना. उघड्या अंगाने ओवळ्यात बसणं तर शक्यच नव्हतं. तेव्हा मामी जवळ आल्या आणि कुजबुजल्या, "ओलेत्यानें बसा. त्याहूनु मोठें सोवळें कोणतें? त्या कदास मांजर शिवलें आहे, मी पाहिलें." त्यांचा सगळा रोख मांजरावर होता. मामांनी मात्र डोळे मोठे केले. ओला सुती पंचा, अनवाणी पाय, खाली विहिरीजवळची ओलसर दगडी फरशी, म्हणजे अंगातली वीज थेट भुईत. दुसऱ्या दिवशी ते विहिरीवर घागरभर पाणी अंगावर ओतून तसेच फरशीवर बसले. सळई विजेची नको म्हणून कोळशावर तापवली. आम्ही सगळे लांब उभे. मामींनी देवापाशी निरांजन लावलं होतं. मामांनी तो शेवटचा मॉसफेट डाग देऊन माइकच्या डब्यात बसवला, आणि मामींनी माइकशी तोंड नेऊन हळूच म्हटलं, "कापी हवी काय?" ती कॉफी जुन्या रेडिओच्या भोंग्यातून चौकभर ऐकू आली. माझ्या नवऱ्याने टाळ्या वाजवल्या. मामा मात्र गुडघ्यांत तोंड घालून बसले होते. पंच्याचं पाणी ओघळत होतं, त्यात डोळ्यांचं किती ते कळायला मार्ग नव्हता.

मार्गळी महिन्यातल्या, म्हणजे धनुर्मासातल्या, भजनाला मामी पुन्हा बाहेर येऊन बसल्या. आवाज पूर्वीचा नव्हता, चिरलेला होता, पण शब्द न् शब्द येत होता. समोरची मंडळी तिण्णैवर येऊन बसली. एक म्हातारी तमिळ बाई रस्ता ओलांडून आली आणि मामींचे हात हातात धरून बसली.

मामांना एवढ्यावर थांबवेना. त्यांनी तार ओढून माइक स्वयंपाकघरात आणि भोंगा वर माडीवर, आपल्या टेबलाशी बसवायचं ठरवलं. खिळे ठोकून झाले, तार लावून झाली. मामींनी ती शांतपणे उपटली. मी तिथेच होते, म्हणून मला ऐकू आलं. "भजनास असो. घरांत नक्को. माझा आवाज होता तेव्हां तुम्ही माडीवरूनच होंव होंव म्हणत होतां, ऐकत कुठें होतां? आवाज गेला तेव्हां खालीं उतरूनु जवळ येऊं लागलां. आतां हा डबा लावला की परत वर जाल." मामांनी पक्कड आणली. एकेक खिळा काढला, तार गुंडाळली आणि डबा एकादशीपर्यंत कपाटात ठेवला.

नंतर कितीतरी वर्षं दुपारी मी त्यांच्याकडे गेले की झोपाळ्यावर दोघं दिसायची. मामी काहीतरी सांगत असायच्या, आणि ज्या माणसाने टेलिफोन कानाला लावला नाही तो कान त्यांच्या ओठांना टेकवून, डोळे मिटून ऐकत असायचा. मधूनच मान हलायची. दोघंही आता नाहीत. ती दोघं तशी बसलेली दिसली की मी आत जात नसे, दाराशीच थोडा वेळ थांबून परत फिरत असे. तिथपर्यंत मला काहीच ऐकू येत नसे.