छायावहिनीने नाव घेतलं

नणंदेने भावजयीचं कौतुक करायचं नसतं, अशी आमच्याकडे न बोललेली रीत आहे. मी ती मोडणार आहे, कारण माझी छायावहिनी आहेच तशी.

वहिनी मूळची विंचूरची. लग्नाआधी गावात कुणाचीही हळद असो, बायकांना उखाणे जुळवून द्यायला हिलाच पुढे करत. उभ्या जागी जुळवायची. मखमलाबादला आमच्या मळ्यात आली आणि झेंडू, शेवंती, सासू-सासरे, पोरं यांत ते सगळं मागे पडलं. दीपकदादा माझा सख्खा भाऊ, पण खरं तेच सांगते. माणूस कष्टाळू, तोंडाला मात्र कुलूप, आणि ते उघडलं की आणखी पंचाईत.

त्यांचा मुलगा हर्षल नोकरीसाठी पुण्याला गेला आणि घरात दोघांचं बोलणं 'गॅस संपला', 'लाईट गेली' एवढ्यावर आलं. मग मुलीचं, सृष्टीचं लग्न झालं. भर मांडवात विहीणबाई वहिनीला म्हणाल्या, "आता तुम्ही नाव घ्या." वहिनी पदर सावरून उठली, तोच दादा हसत म्हणाला, "तिला काय येतंय? भाकरी सांगा, लय भारी थापती."

सगळे हसले. वहिनी खाली बसली. पाहुणे पांगल्यावर तिने बॅग भरली आणि माहेरी निघाली. जाताना मला म्हणाली, "ताई, त्यांचा राग सोडा. उभी राहिले तेव्हा मला एक ओळ आठवली नाय. मी कुठं गेले, याचीच भीती वाटली."

दादाला वाटलं, चार दिवसांत येईल. आषाढ गेला, श्रावण गेला. दादा रोज खिचडी खात होता आणि फोन करत नव्हता. तिकडे सत्तेचाळिसाव्या वर्षी वहिनीने भावाच्या कांद्याच्या पिकअपचं स्टेअरिंग धरलं. पहिल्याच दिवशी फाटकाचा खांब पाडला. भाऊ ओरडला, तरी दुसऱ्या सकाळी ही पुन्हा सीटवर. लायसन्स काढूनच थांबली. फोनवर म्हणाली, "ताई, क्लच सोडताना तेवढं धस्स होतं. बाकी कशाची भीती उरली नाय."

दसऱ्याच्या तोंडावर झेंडू तोडणीला आला, तेव्हा दादा तिला आणायला गेला. वहिनी म्हणाली, "येते. पण आपली बाजाराची पिकअप मी चालवीन." दादा "बरं" म्हणाला. गरज होती म्हणून म्हणाला, अक्कल अजून यायची होती.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी मी पंचवटीत तोरणाची फुलं घ्यायला उभी होते. गल्लीत रिक्षा, दुचाक्या, पाय ठेवायला जागा नाही. त्यातून वहिनीने पिकअप एका दमात रिव्हर्स घेऊन जागेवर लावली. शेजारी दादा, मांडीवर शेवंतीचा भारा. एक व्यापारी म्हणाला, "काय दीपकशेठ, क्लीनर झाले का?"

माझा जीव टांगणीला लागला. दादा पुन्हा मांडवातल्यासारखं काही बोलला असता, तर वहिनी मुकाट्याने फुलं उतरवून विंचूरला गेली असती आणि परत आली नसती. तेवढ्यात फुलवाल्या वत्सलाबाई ओरडल्या, "छायाबाई, नाव घ्या, मगच क्रेट उतरवा."

वहिनी दादाकडे बघत म्हणाली, "आधी यांना सांगा."

दादाने घाम पुसला. सगळी गल्ली बघत होती. मग जन्मात कधी उखाणा न घेतलेला माझा भाऊ अडखळत म्हणाला,

"झेंडूचे क्रेट मागे, मांडीवर शेवंतीचा भारा,
छाया चालवते गाडी, मी नुसता खातो वारा."

बाया हसून लोळल्या. वहिनी हसली नाही. गाडीच्या दाराला धरून उभी राहिली, डोळे पुसले आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

"पंचवटीच्या गल्लीत गाडी लावली झोकात,
दीपकरावांचं नाव घेते भर बाजारी थाटात."

उभ्या जागी जुळवलं. मला एवढा अभिमान वाटला की फुलं घ्यायचीच विसरले.

क्रेट उतरवता उतरवता दादा माझ्याजवळ आला. हळूच म्हणाला, "हिला उखाणे येतात, मला ठाऊकच नव्हतं. आणखी काय काय येतं गं हिला?"

"मला काय विचारतोस?" मी म्हटलं. "तिला विचार."

दादा गेला आणि विचारू लागला.