मोठं इंजिन, जुना एक्सल

लष्कराच्या वर्कशॉपमधली नोकरी संपवून मी परत आलो, तेव्हा एकसष्ट-बासष्ट साल असेल. गावी मात्र गेलो नाही. माझी बायको तिथे बाळंतपणात गेली होती. मी तेव्हा पठाणकोटला होतो. तार हातात पडली तोवर सगळं उरकलं होतं. मूलही राहिलं नव्हतं. त्या घरात पाऊल टाकायचा धीर होईना, म्हणून वडूजला रस्त्याकडेला पत्र्याची एक शेड घेतली आणि गाड्या दुरुस्त करायला लागलो. गाड्या त्या भागात कमीच. कधी कधी दोन-दोन दिवस माझ्या तोंडून शब्द निघायचा नाही.

वडूजमध्ये एक वयस्कर डॉक्टर होते. त्यांच्याकडे लिलावात घेतलेली जुनी लष्करी जीप होती, पण तिचं पेट्रोल इंजिन थकलं होतं. ते एके दिवशी शेडमध्ये आले आणि म्हणाले, "हिला दमदार इंजिन बसवून द्या. आत पेशंट आहे आणि गाडी चढाला बसली, असं पुन्हा व्हायला नको."

सांगलीला मोडीत निघालेल्या एका छोट्या ट्रकचं डिझेल इंजिन मिळालं. आणलं, उघडलं, धुतलं. पण त्याची बोल्टची भोकं जीपच्या गिअरबॉक्सशी जुळेनात. मध्ये लोखंडाची जाड प्लेट घालावी लागणार होती. क्लचप्लेट मोठी, तिचे मधले दाते गिअरबॉक्सच्या दांड्यावर बसेनात. मग जुन्या क्लचप्लेटचा मधला भाग काढून नवीला रिव्हेट केला. दोन महिने मी भाकरीसुद्धा त्या इंजिनाशेजारी बसून खात होतो. 'आता का अडतंयस रं?' असं त्यालाच विचारायचो. विचारायला दुसरं होतं कोण?

जाड प्लेट सांगलीतल्या एका म्हाताऱ्या लेथवाल्याने करून दिली. ती माझ्या हातात देताना तो म्हणाला, "इंजिन थोरलं घातलंस, बेस केलंस. पर मागचा एक्सल जुनाच हाय न्हवं?"

"लष्करी माल हाय, मामा. काय हुत न्हाई."

"बघ गड्या. इंजिनापासनं चाकापतूर समदं एका ताकदीचं लागतंय."

मी ऐकून घेतलं आणि सोडून दिलं. आणखी एक गोष्ट केली. नव्या इंजिनाचा ऑइल चेंबर खाली इतका यायचा, की पुढच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट त्याला घासायचा. तो शाफ्टच मी काढून ठेवला. गाडी मागच्या चाकांवर चालतेच की, रस्त्याला पुढच्या चाकांचा जोर कशाला हवा, असं मनाशी म्हटलं. डॉक्टरांना सांगितलं नाही.

गाडी सपाटीला झकास पळाली. डॉक्टर खूश झाले. आठवड्याभरात ते दुपारच्या वेळी शेडशी आले. जीपमध्ये मागे एक अडलेली बाई होती आणि तिची सासू. साताऱ्याच्या इस्पितळात न्यायचं होतं. "तुम्ही चालवा, मी मागे बसतो," डॉक्टर म्हणाले.

घाटाच्या चढणीवर, एका वळणाला, मी खालचा गिअर टाकून क्लच सोडला आणि मागून खाडकन आवाज आला. इंजिन जोरात गुरगुरत होतं, गाडी मात्र मागे सरकायला लागली. ब्रेक दाबून धरला. डॉक्टरांनी उतरून चाकांना दगड लावले. चाकांना जोर पोचवणारा मागचा एक्सल तुटला होता.

"पुढची चाकं जोडा ना," डॉक्टर म्हणाले.

"पुढचा शाफ्ट मी काढलाय."

ते तसेच मागे, त्या बाईकडे वळले. 

"आवं डाक्टर, पोरीला लय तरास हुतोय," सासू ओरडली. डॉक्टरांनी पेटी उघडली आणि मला घोंगडी आडोशाला धरून उभं केलं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मी पाठ फिरवून, दोन्ही हात वर करून उभा राहिलो. मागे ती बाई विव्हळत होती. माझी बायको अशीच ओरडली असेल, आणि मी तेव्हा कुठल्या तरी ट्रकखाली नट आवळत असेन, एवढंच डोक्यात फिरत होतं. हात भरून आले तरी खाली घेतले नाहीत. आज हिचं काही झालं तर ते माझ्यामुळे, हे स्पष्ट दिसत होतं.

किती वेळ गेला कळलं नाही. मग मूल रडलं. पाठोपाठ सासूचा आवाज आला, "पोरगी झाली वो." बाईही बोलत होती, पाणी मागत होती. मी घोंगडी तशीच धरून रडलो. माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं, ते बरंच झालं.

तासाभराने एक मालट्रक आला, त्यातून तिघींना साताऱ्याला नेलं. डॉक्टर सोबत गेले. मी जीपपाशी थांबलो.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. लेथवाल्याने बजावलं होतं तेही. ते म्हणाले, "आता नीट करा. वेळ लागू दे."

सांगलीहून जाड एक्सल आणि त्याला साजेसं डिफरन्शियल, म्हणजे एक्सल फिरवणारी दातेरी चाकांची पेटी, आणलं. इंजिन वर उचलून बसवलं, चेंबर कापून पुन्हा जोडला, पुढचा शाफ्ट जागेवर घातला. मग वाळूची पोती भरून त्याच घाटात तीन फेऱ्या मारल्या. त्यानंतर ती जीप कधी अडली नाही.

डॉक्टरांच्या दारात गाडी ताब्यात दिली त्या दिवशी ते म्हणाले, "आज आमच्याकडेच जेवा. घरी कोणी वाट पाहत नसेल ना?"

"न्हाई," मी म्हणालो, "पर जेवण झालंय माझं."

झालं नव्हतं. खोटं का बोललो, मला आजही नीट सांगता येणार नाही. त्यांच्या घरात माणसं होती, ताटं मांडल्याचे आवाज बाहेरपर्यंत येत होते. मी रॉकेलने हात धुतले, हत्यारं पिशवीत भरली आणि चालत शेडकडे आलो.