ओट्यापाशी मायनस एकशे अठरा

बायको गेली आणि तिचा मोबाइल माझ्याकडे आला. पोरगं आमचं एकुलतं एक, पुण्याला कंपनीत. ती होती तोवर रोज आईशी अर्धा-अर्धा तास बोलायचं. माझ्याशी बोलणं म्हणजे तिनं फोन माझ्या कानाला लावायचा, मी "बरं हाय न?" म्हणायचं, की झालं. ती गेल्यावर त्याचा फोन रविवारी सकाळी दहाला येऊ लागला. कुरुंद्यात माझ्या घरात आठवडाभरात ऐकू येणारं तेवढंच एक माणूस. तेही धड ऐकू येईना. "बाबा, आवाज तुटून राहिला," म्हणायचा आणि कट.

मी म्हटलं, दोष रेंजचा. रेंज नीट झाली की पोरगं आईशी बोलायचं तसंच माझ्याशी बोलंल. दुसरं काही मनात आलंच नाही.

मी मापाडी. वसमतच्या मोंढा बाजारात हळदीचे कट्टे-पोती तोलण्यात जन्म गेला. अंदाजपंचे कारभार मला खपत नाही. म्हणून बसस्टँडजवळच्या मोबाइलवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, "मामा, वरच्या काड्या बघू नका, काड्या खोटं बोलतेत. आकडा बघा." फोनच्या पोटात कुठंतरी शिरून त्यानं आकडा काढून दाखवला. मायनसमध्ये असतो म्हणे. शून्याच्या जितका जवळ, तितकी रेंज चांगली. मायनस ऐंशी म्हणजे झकास, मायनस एकशे वीस म्हणजे मेलं. आता घ्या! काट्यावर आकडा चढला की शेतकऱ्याचं तोंड खुलायचं, हे चाळीस वर्षं पाहिलेलं. इथं सगळा उलटा कारभार.

घरी येऊन खडू घेतला आणि घर मोजायला काढलं. आकडा सारखा हलतो, म्हणून काटा ठरेपर्यंत थांबतात तसा एकेका जागी थांबायचो, मग भिंतीवर लिहायचो. दारात नव्याण्णव. बाजेपाशी एकशे नऊ. देवापाशी एकशे बारा. शेजारीण वाटी परत द्यायला आली, तर भिंती बघून उभीच राहिली. "अवं भाऊजी, मटक्याचे आकडे लिहून राहिले का काय?" मी म्हणालो, "व्हय, लागला तर तुमाला पेढे देतो." ती हसत गेली, पण मला लाजच वाटली.

सगळ्यात वाईट आकडा निघाला स्वयंपाकघरात, ओट्यापाशी. मायनस एकशे अठरा. मी तीनदा मोजला, कारण बायको रोज तिथंच उभी राहून बोलायची. गॅसवर दूध, कानाला फोन, आणि आवाज असा की गल्लीला ऐकू जावा. "हॅलो! हॅलो! जेवलास का? अरे जेवलास का म्हणते!" मी बाजेवरून खेकसायचो, "काहून बोंबलून राहिली? बाहीर जाऊन बोल न!" ती म्हणायची, "दूध उतू जाईन न." एवढ्या फुटक्या रेंजमध्ये ही बाई अर्धा तास काय बोलत होती, देव जाणे.

मोबाइलवाल्यानं येऊन घर पाहिलं आणि सांगितलं, डोक्यावरचे पत्रेच वैरी आहेत, रेंज बाहेरच्या बाहेर परत फेकतात. इलाज एकच. पत्र्याच्या वर पाइप, पाइपावर टॉवरकडं तोंड केलेला अँटेना, त्याची वायर घरातल्या डबीत आणि डबीवरून फोन. तो वर चढून अँटेना तसूतसूनं फिरवायचा आणि मी खालून आकडे ओरडायचो. "शंभर! त्र्याण्णव! अहो थांबा, गेलं, मागं घ्या!" हळदीच्या रानाकडं तोंड केलं तेव्हा मायनस एक्याऐंशीवर ठरला. त्या दिवशी मला फार बरं वाटलं. बाजेवर फोन ठेवून मी रविवारची वाट पाहू लागलो.

रविवारी दहाला फोन आला. आवाज असा स्वच्छ, की त्याच्या खोलीतल्या पंख्याची कटकटसुद्धा ऐकू आली.

"जेवलास का?"

"जेवलो."

"काम बरं हाय?"

"बरं हाय. तुमी?"

"मीबी बरा."

मग कोणीच बोलेना. पंखा कटकटत राहिला. मी फोनकडं पाहिलं, कट झाला असेल म्हणून. झाला नव्हता. दोन मिनिटंही पुरी झाली नाहीत आणि बापलेकांचं बोलणं संपलं होतं. पुढच्या रविवारी तसंच. त्याच्या पुढच्या रविवारी तो मध्येच म्हणाला, "बाबा, आवाज तुटून राहिला."

मी आकडा पाहिला. मायनस एक्याऐंशी. पंखा ऐकू येत होता.

"व्हय रे," मी म्हणालो, "इकडंबी तुटून राहिला. ठेव."

हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! रेंज खराब होती तोवर निदान बोट दाखवायला जागा होती. मला फार एकटं वाटलं. राग पोराचा नाही आला, माझाच आला. एवढी वर्षं मी त्याच्याशी त्याच्या आईच्या तोंडून बोललो. ती गेली तर मला त्याला विचारायलाही काही येईना.

त्या आठवड्यात ओल्या फडक्यानं भिंती पुसायला घेतल्या. दार पुसलं, बाज पुसली, देवघर पुसलं. ओट्यापाशी आलो आणि हात थांबला. ती तिथं काय बोलत होती ते आठवू लागलो. हॅलो हॅलो. ऐकू येतं का. जेवलास का. काय म्हणलास? परत म्हण. त्या अर्ध्या तासातला निम्मा तर असाच जात होता. दोघं एकमेकांना नुसत्या हाका मारत होती. तेवढा आकडा मी पुसला नाही.

रविवारी पावणेदहाला डबीचं बटण बंद केलं आणि फोन घेऊन ओट्यापाशी उभा राहिलो. दहाला वाजला.

"हॅलो! ऐकू येऊन राहिलं का?"

"हॅलो? बाबा? बाबा!"

"जेवलास का?"

"काय? परत म्हणा!"

"जेवलास का म्हणतो!"

"जेवलो! जेवलो! तुमी कुठं उभे हाव?"

"ओट्यापाशी!"

पलीकडं काहीच ऐकू येईना. तो गप्प झाला की रेंज गेली, मला कळलं नाही. मी हॅलो हॅलो करत राहिलो. मग त्याचा आवाज आला, तुटत तुटत.

"दूध... दूध ठेवलं का गॅसवर?"

गॅस बंद होता. दूध सकाळीच तापवून झाकून ठेवलं होतं.

"व्हय, ठेवलं," मी ओरडलो. "जाऊ दे उतू. तू बोल."