लाइन बंद हाय

जीप सुटायच्या आधी आईने माझी पिशवी मांडीवर ठेवली आणि कानाशी तोंड आणून म्हणाली, "कोनी काय बी इचारलं तर हाय म्हन. नाय म्हनलीस तर परत धाडतील." जव्हारकडच्या आमच्या पाड्यावरून बोईसरला कामाला निघालेली घरातली मी पहिली. दहावी झालेली, म्हणून सगळ्यांना वाटायचं हिला सगळं कळतं. मीही तसंच समजत होते.

पाड्यावर लाइन म्हणजे वीज. लाइन आली, लाइन गेली, एवढंच. बोईसरजवळच्या कुंभवलीत मला खोली मिळाली त्या चाळीलाही लाइन म्हणत. टँकरच्या पाण्याला लाइन, केमिकल कंपनीच्या गेटवर हजेरीला लाइन. शेजारच्या बाईने विचारलं, "या लाइनीत नवीन हायस ना?" मी म्हटलं, "हो, शेवटची खोली." तिला केमिकलचं काम म्हणायचं होतं. पोरी एकमेकींना चिडवायच्या, तो बघ, लाइन मारतोय. मी सगळ्यांबरोबर हसायचे आणि अर्थ मागाहून शोधायचे. पण विचारायचे नाही. अडाणी ठरायची भीती वाटायची.

महिनाभरात मला पॅकिंगमधून प्लांटमध्ये मदतीला पाठवलं. तिथे सुरेंदरभाई फिटर होते, माझ्या बाबांच्या वयाचे. दुपारी ते शिडीवर चढले, पान्याने एक जोड खोलायचा होता. वरून त्यांनी विचारलं, "बहन, लाइन बंद है ना? देख के बोल."

मी भिंतीवरच्या विजेच्या बोर्डाकडे पाहिलं. बटण बंद होतं, दिवा विझलेला. मी ओरडले, "बंद हाय!"

ते विचारत होते पाइपाबद्दल. प्लांटमध्ये पाइपालाच लाइन म्हणतात, आणि ती बंद म्हणजे तिचा वाल्व बंद. वाल्व उघडाच होता. बोल्ट सैल झाला आणि अ‍ॅसिडची चिळकांडी त्यांच्या हातावर, मानेवर उडाली. माणसाचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. ते कसेबसे खाली उतरले. मी त्यांना शर्टाला धरून कोपऱ्यातल्या, अ‍ॅसिड उडालं तर धुवायला ठेवलेल्या शॉवरखाली ओढत नेलं आणि साखळी खेचली. लोक येईपर्यंत मी ती सोडली नाही.

संध्याकाळी साहेबांनी सगळ्यांना उभं करून विचारलं, "बंद आहे असं कोण म्हणालं?" मी खाली पाहत राहिले. त्यानंतर आठवडाभर जिन्यावर बूट वाजले की वाटायचं, पोलीस आले. घरून फोन आला की मी म्हणायचे, "बरी हाय." पळून जावं असंही वाटलं, पण पाड्यावर जाऊन आईला काय सांगणार होते?

आठव्या दिवशी मी दवाखान्यात गेले. सुरेंदरभाईंचा हात खांद्यापर्यंत पट्ट्यांत होता. मोडक्या हिंदीत मी सगळं सांगितलं. ऐकून त्यांनी विचारलं,

"मतलब तूने बिजली देखी?"

"हां."

"वाल्व मुझे खुद देखना था," ते म्हणाले. मग आवाज चढला. "लेकिन तू पूछती क्यों नहीं? मुँह नहीं है?"

मला रडू फुटलं. त्यांनी समजूत घातली नाही, आणि ते मला बरोबरच वाटलं. परतल्यावर साहेबांनाही सांगितलं. ते खूप ओरडले, मला पुन्हा पॅकिंगला पाठवलं, पण काम राहिलं. दोन महिन्यांनी सुरेंदरभाई कामावर आले. त्यांची दोन बोटं अजून नीट मिटत नाहीत. भेटले की मान हलवतात. मीही हलवते, आणि नजर त्यांच्या बोटांवर जाते.

यंदा माझी चुलतबहीण सुमन पाड्यावरून आली, माझ्याच खोलीवर राहते. पहिल्या दिवशी तिला गॅस कसा लावायचा, बंद कसा करायचा ते दाखवलं. तिने चटचट मान डोलावली. मीही अशीच मान डोलवायचे. मी तिचा हात धरला आणि म्हटलं, "आता तू सांग. काय कळलं?"

तिने शेगडीच्या बटणाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "ताई, मला नाय कळलं."

मी तिला जवळ घेतलं. आता कोणी विचारलं, तुझं घर कुठलं, तर मला पाडाही आठवतो आणि ही खोलीही. या खोलीत कोणालाही न कळलेलं 'नाय कळलं' म्हणता येतं. एवढं एक मी नीट जमवलं आहे. मग आम्ही दोघी शेगडीपुढे बसलो आणि मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले.